खरं उत्तर येत असताना अंदाज कशाला करायचा?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते. पाढे पाठ आहेत, मोठे गुणाकार-भागाकार न चुकता करते, अपूर्णांकही जमतात. पण ‘अंदाजे उत्तर सांगा’ असं आलं की तोंड वाकडं होतं. वहीच्या मागच्या पानावर आधी सगळं गणित सोडवते, आलेलं उत्तर जवळच्या शंभरावर आणते आणि तेच ‘अंदाज’ म्हणून लिहून मोकळी होते. विचारलं तर म्हणते, “खरं उत्तर येतंय ना मला, मग चुकीचं कशाला सांगू?” गोडी लागावी म्हणून अचूक उत्तराच्या अगदी जवळ जाणाऱ्या अंदाजाला एक स्टार आणि दहा स्टारना तिच्या आवडीची एखादी वस्तू, असं ठरवलं. पहिला आठवडा उत्साहात गेला. आता स्टारसाठीसुद्धा बसत नाही. तिच्यात प्रेरणा कशी निर्माण करावी? आणि किती दिवसांत फरक दिसायला हवा?
(एक पालक)

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रश्न बिनतोड आहे. ४८ × २३ हे गणित तिला मिनिटभरात सुटतं, उत्तर ११०४ येतं. ते हाताशी असताना ‘साधारण ११००’ लिहिण्यातून तिला नवं काहीच कळत नाही, उलट काम दुप्पट होतं. म्हणून तिने त्यातल्या त्यात सोपी वाट काढली. आधी खरं उत्तर काढायचं आणि मग त्याला अंदाजाचे कपडे चढवायचे. जगभरच्या वर्गांत पुष्कळ मुलं हेच करतात. तेव्हा तिच्यात प्रेरणा कमी आहे असं धरून चालू नका. तिला दिलेल्या गणितांत अंदाजाची गरजच नसते आणि हे तिच्या लक्षात आलं आहे.

एखादं काम मूल मनापासून करेल की नाही, हे कशावर ठरतं याची एक उपयोगी मांडणी जॅकलीन एकल्स आणि अ‍ॅलन विगफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी केली आहे. मूल नकळत दोन गोष्टी पाहतं : मला हे जमेल का, आणि जमलं तर त्याचं मोल काय. मोलाच्या बाजूला आवड येते, उपयोग येतो, ‘मी कोण आहे’ याच्याशी असलेलं नातं येतं आणि मोजावी लागणारी किंमतही येते. तुमच्या मुलीचा ताळा करून पाहा. जमेल का? नक्की माहीत नाही, कारण अंदाज कसा करायचा हे तिला कुणी पायरीपायरीने शिकवलेलं दिसत नाही. उपयोग? शून्य, कारण खरं उत्तर समोर आहे. ओळख? ‘माझं उत्तर चुकत नाही’ ही तिची वर्गातली ओळख, आणि अंदाज म्हणजे तिच्या लेखी जाणूनबुजून केलेली चूक. किंमत? चारचौघांत हुकण्याची. असा हिशेब असेल तर कुठलंही शहाणं मूल मागच्या पानावर गणित सोडवेल.

आता स्टारबद्दल. ते आजपासून बंद करा, पण गाजावाजा न करता. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना चित्र काढण्याआधीच सांगितलं की काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. ही मुलं पुढे मोकळ्या वेळात बाकीच्यांपेक्षा बरीच कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, आधी न सांगता मिळालं त्यांची आवड मात्र घटली नाही. बक्षीस म्हणजे विषच, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्या कामात मुळात रसच नाही तिथे सुरुवातीला ढकलण्यापुरतं बक्षीस चालून जातं. तुमच्या घरात अडचण वेगळीच आहे. तुम्ही स्टार ‘सर्वांत जवळच्या’ अंदाजाला दिलात. सर्वांत जवळ जायचा खात्रीचा मार्ग कोणता? गुपचूप खरं उत्तर काढणं. म्हणजे जी सवय मोडायची तिलाच बक्षीस मिळत होतं, आणि ते काम कंटाळवाणंच असल्याने आठवड्यात उत्साह ओसरला.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे : तिचं अचूकतेचं वेड मोडायचं नाही, त्याला वेगळं लक्ष्य द्यायचं. ते कसं, याकडे येतोच. त्याआधी एक छोटी तपासणी करून घ्या, कारण कधीकधी ‘कंटाळा’ दिसतो तिथे आत संख्येच्या आकाराची समजच कच्ची असते.

कोऱ्या कागदावर २० सेंटिमीटरची रेघ आखा. डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १,००,०००. मध्ये एकही खूण नको. तिला १५,००० कुठे येतील तिथे टिंब द्यायला सांगा. मग दुसऱ्या, तशाच नव्या रेघेवर ४,०००, तिसरीवर ६२,०००. पट्टी तिच्या हाती देऊ नका, नंतर तुम्ही मोजा. १ सेंटिमीटर म्हणजे ५,०००, तेव्हा १५,००० चं टिंब ३ सेंटिमीटरवर, ४,००० चं ०.८ वर आणि ६२,००० चं १२.४ वर यायला हवं. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर चिंता नाही. पण १५,००० सहा-सात सेंटिमीटरवर आले, तर लहान संख्यांना ती फार जागा देते आहे. रॉबर्ट सीग्लर आणि जॉन ऑफर यांनी २००३ मध्ये दाखवलं की दुसरीतली बरीच मुलं ० ते १००० च्या रेषेवर १५० सारख्या संख्या अशाच फार उजवीकडे लावतात आणि सहावीपर्यंत हा दोष बहुतेक निघून जातो. अनोळखी, मोठ्या पल्ल्यावर तो पुन्हा डोकावू शकतो. तसं आढळलं तर आधी आठ-दहा दिवस फक्त रेघांचाच खेळ घ्या. टिंब दिल्यावर लगेच बरोबर जागा दाखवा, एवढी सूचना बहुधा पुरते. ही समज नसताना अंदाजाच्या युक्त्या शिकवल्या तर त्या पाठ होतील, लागू पडणार नाहीत.

रेघ ठीक आली असं धरून पुढे जाऊ.

पहिलं काम : अशी गणितं शोधायची जिथे खरं उत्तर काढण्यात काही हशील नाही. स्टॉपवॉच लावून ‘तीन सेकंदांत सांग’ हा उपाय पुष्कळांना सुचतो. गणित सोडवायला वेळच मिळत नाही, हे खरं. पण हुकण्याची भीती असलेल्या मुलाच्या बाबतीत तो उलटतो. मनात आकडे धरून ठेवायला जी जागा लागते तीच काळजीने भरून जाते आणि येणारंही येत नाही. घड्याळ बाजूला ठेवा.

त्याऐवजी निर्णयाचा प्रश्न विचारा. ८७ सेंटिमीटरचे ७ तुकडे कापायचे आहेत आणि दोर ८ मीटर आहे. पुरेल? ८७ ऐवजी ९० धरले तरी ७ × ९० = ६३०, म्हणजे ६.३ मीटर. पुरतो, विषय संपला. ६०९ हा आकडा कुणालाच लागला नाही. आता तोच प्रश्न ६ मीटर दोर घेऊन विचारा. ९० धरले तर ६३०, पुरत नाही. ८५ धरले तर ५९५, पुरतो. दोन अंदाज दोन दिशांना बोट दाखवतात, म्हणजे इथे अंदाजावर भागणार नाही, नीट गुणाकार केलाच पाहिजे. केला की ६०९ येतात आणि दोर ९ सेंटिमीटर कमी पडतो. ही जोडी तिच्यासमोर लागोपाठ ठेवा. कुठे ढोबळ चालतं आणि कुठे काटेकोर लागतं हे ठरवणं हीसुद्धा काटेकोर डोक्याचीच करामत आहे, आणि असं काही तिच्यासारख्या मुलीला आवडतं.

दुसरा प्रकार, जिथे खरं उत्तर हाताशी नसतंच. तुझं हृदय एका दिवसात किती वेळा धडधडतं? १५ सेकंद नाडी मोजायची, समजा २० ठोके आले, म्हणजे मिनिटाला ८०. तासाला ४,८००. चोवीसऐवजी पंचवीस तास धरले की १,२०,०००, आणि एक तास जास्तीचा घेतला म्हणून थोडे कमी : १,१५,००० च्या आसपास. झोपेत ठोके कमी, पळताना जास्त, तेव्हा ९० हजार ते १ लाख ३० हजार असा पल्ला सांगता येतो. यात मागच्या पानावर सोडवण्यासारखं काही नाही. किंवा हातातल्या पुस्तकात शब्द किती? तीन ओळी मोजल्या, ९, ११ आणि १० शब्द आले, ओळीला १० धरा. पानावर ३० ओळी, म्हणजे ३००. पानं १८०, म्हणजे ५४,०००. अर्धी कोरी पानं आणि चित्रं धरून ५० हजार. इथे ती स्वतःच विचारेल, ‘चित्रांची किती पानं सोडायची?’ हा प्रश्न आला की समजा, गाडी रुळावर आली.

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी अशा प्रश्नांसाठी प्रसिद्ध होते. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुचाचणीच्या वेळी ते स्फोटापासून सुमारे १६ किलोमीटरवर होते. धक्क्याची लाट येताना त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले, ते साधारण अडीच मीटर सरकले, आणि त्यावरून त्यांनी स्फोट १० हजार टन टीएनटी या स्फोटकाइतका असल्याचा अंदाज बांधला. नंतरच्या मोजमापांतून हा आकडा २० ते २५ हजार टनांच्या घरात निघाला. म्हणजे फर्मी दुपटीहून थोडे जास्त हुकले, आणि तरीही तो अंदाज आजवर नावाजला जातो. उपकरणांचे आकडे हाती येण्याआधी, चार कागदी कपट्यांवरून स्फोटाचा आवाका कळला यात त्याची किंमत आहे. ‘हुकलेलं उत्तर’ कधी उत्तम ठरतं, हे मुलीला सांगायला याहून चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

आता ते वेगळं लक्ष्य. तिला एक आकडा मागूच नका, दोन मागा : ‘नक्की याहून जास्त’ आणि ‘नक्की याहून कमी’. खोलीची लांबी? ‘साडेतीन ते साडेचार मीटर.’ मग मोजायचं. खरं उत्तर पल्ल्याच्या आत आलं तर अंदाज बरोबर. अर्धवट बरोबर नाही, ‘जवळपास’ नाही, चक्क बरोबर. अचूकतेचा अभिमान असलेल्या मुलीला इथे पहिल्यांदा अंदाजातही शंभर टक्के बरोबर येण्याची सोय मिळते. ‘एक ते शंभर मीटर’ असं सांगून ती पळवाट काढणार, काढू द्या. मग नियम सांगा : दहा प्रश्नांपैकी आठ वेळा उत्तर आत यायला हवं. दहाच्या दहा आत आले तर पल्ले फार सैल आहेत, आवळायचे. पाचच आले तर फार घट्ट आहेत, सोडायचे. सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचेच पल्ले फार अरुंद असतात, मोठ्या माणसांचेसुद्धा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपल्याला कमी माहीत असतं. हे आकड्यांत दिसणं मजेशीर असतं आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

यासाठी एक वही करा. रकाने पाचच : प्रश्न, खालची हद्द, वरची हद्द, मधला अंदाज, खरी किंमत. शेवटी फरक टक्क्यांत लिहायचा. अंदाज वजा खरी किंमत, भागिले खरी किंमत, गुणिले शंभर. ४८ × २३ साठी तिने ५० × २३ = ११५० म्हटलं तर फरक अधिक ४६, म्हणजे सुमारे ४ टक्के. ५० × २० = १००० म्हटलं तर उणे १०४, सुमारे ९ टक्के. अधिक-उणे चिन्ह न विसरता लिहायला लावा, खरी माहिती त्यातच असते. पंधरा-वीस नोंदींनंतर दिसतं की लांबीचे अंदाज सारखे उणे येतात, किंवा वेळेचे सारखे अधिक. मग ती स्वतःच दुरुस्ती करू लागते. ‘मला जमतं’ हा विश्वास कशातून येतो यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून जे मांडलं, त्यात सर्वांत बळकट कारण हेच आहे : स्वतःच्या हाताने केलेलं आणि जमलेलं काम. शाबासकीच्या शब्दांचं बळ त्यामानाने कमी. पहिल्या आठवड्यातला २५ टक्के फरक चौथ्यात १२ वर आला हे वहीत दिसलं की तुम्हाला वेगळं काही बोलावं लागत नाही. वही फक्त तिची. भावंडांशी किंवा वर्गमित्रांशी तुलना नको.

हिशेबाच्या अंदाजात १० टक्क्यांच्या आत आलं की उत्तम, २५ पर्यंत चालेल, त्यापलीकडे गेलं तर पद्धत तपासायची. हृदयाच्या ठोक्यांसारख्या प्रश्नांना ही पट्टी लावू नका. तिथे निम्मा ते दुप्पट एवढ्या टापूत आलं तरी छान.

पण नुसत्या गरजेने आणि वहीने भागत नाही. पद्धती येत नसतील तर दोन-तीनदा सपाटून हुकून ती पुन्हा मागच्या पानाकडे वळेल. म्हणून थोडी उजळणी.

बेरजेत पुढून सुरुवात. ३७८ + २१४ + ५९१ + १२९ मध्ये आधी फक्त शतकं : ३ + २ + ५ + १ = ११, म्हणजे ११००. उरलेल्यांत ७८ आणि ९१ मिळून साधारण १७०, १४ आणि २९ मिळून साधारण ४०. एकूण १३१०. खरं उत्तर १३१२. शाळेत एकक स्थानापासून बेरीज करायची सवय लागलेली असते, त्यामुळे डावीकडून सुरुवात करणं पहिल्यांदा उलटं वाटतं. संख्या एकमेकींच्या आसपास असतील तर याहून सोपं : ६७, ७२, ६९, ७४, ७१ सगळ्या सत्तरच्या आगेमागे, म्हणून ५ × ७० = ३५०. खरी बेरीज ३५३.

भागाकारात मैत्रीच्या, म्हणजे सहज भाग जाणाऱ्या, संख्या शोधायच्या. ४३३७ ÷ ७ दिसलं की ४३०० करू नका, त्याला ७ ने भाग जात नाही. ४२०० करा, ६०० आले. १३७ उरले, त्यात आणखी सुमारे २०. म्हणजे ६२०, खरं उत्तर ६१९ आणि थोडं वर. पाढे पाठ असल्याने यात तिची सरशी होईल, म्हणून सुरुवात इथूनच केलीत तरी हरकत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो संख्या कुठल्या दिशेला हलवायची यात. ‘पाच किंवा जास्त असेल तर वर’ हा नियम डोळे मिटून लावला की ४५ × ४५ चे ५० × ५० होतात, २५०० येतात, खरं उत्तर २०२५, फरक २३ टक्के. दोन्ही संख्या वर गेल्याने चूक साचली. एक वर आणि एक खाली न्या, ५० × ४० = २०००, जवळजवळ नेमकं. वजाबाकी आणि भागाकारात याच्या बरोबर उलटं. ६४२ − ३५८ मध्ये पहिली वर आणि दुसरी खाली नेली तर ७०० − ३०० = ४००, खरं उत्तर २८४. दोन्ही थोड्याथोड्या वर नेल्या, ६५० − ३६०, तर २९०. भागाकाराचं तसंच : ५५२ ÷ २३ चं उत्तर २४ आहे. दोन्ही वर नेऊन ६०० ÷ २५ केलं तर २४ च येतं, एक वर एक खाली नेऊन ६०० ÷ २० केलं तर ३०. बेरीज-गुणाकारात विरुद्ध दिशा, वजाबाकी-भागाकारात एकच दिशा. हे तुम्ही सांगून टाकू नका. चार-चार गणितं दोन्ही तऱ्हांनी करायला द्या आणि वहीतल्या टक्क्यांवरून तिलाच नियम काढू द्या. स्वतः काढलेला नियम मूल दुसऱ्याला सांगत सुटतं.

रॉबर्ट रेज आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उत्तम अंदाज करणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि मोठ्यांचा अभ्यास केला. त्यात हीच कसबं दिसली : संख्या सोयीच्या करून घेणं, गणिताची मांडणीच बदलणं, आणि शेवटी ‘आपण वर गेलो की खाली’ हे ओळखून दुरुस्ती करणं. त्या जोडीला दिसला तो आत्मविश्वास आणि थोडी चूक सहन करण्याची तयारी. हा शेवटचा गुण तुमच्या मुलीकडे आज नाही. तो उपदेशाने येत नाही, पल्ल्याच्या खेळातून हळूहळू येतो.

मोजमापाच्या अंदाजासाठी तिला स्वतःची मापं हवीत. वीत किती, नेहमीचं पाऊल किती (दहा पावलं चालून दहाने भागायचं), करंगळीची रुंदी किती. ए४ कागद २१ × २९.७ सेंटिमीटर असतो, एक लिटर पाणी एक किलो भरतं. अशा सात-आठ गोष्टी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात. ती वाढत्या वयाची आहे, वीत आणि पाऊल दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

एवढं करूनही ‘पण उपयोग काय’ हा तिचा मूळ प्रश्न उरेल. त्यासाठी तिला १२/१३ + ७/८ ची गोष्ट सांगा. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना या बेरजेचं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय : १, २, १९, २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १ आहेत, म्हणून उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे वरचे आकडे मिळवले नाहीतर खालचे. एकाहून लहान दोन संख्यांची बेरीज २१ कशी होईल, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. तुमच्या मुलीला हे लगेच खटकेल. मग तिला सांगा, दशांश चिन्ह चुकलं किंवा कॅल्क्युलेटरवर एक शून्य जास्त दाबलं गेलं तर ते याच नजरेने पकडता येतं. अचूक उत्तराची राखण हा अंदाजाचा असा उपयोग आहे जो तिला पटेल, कारण तो तिच्याच बाजूने उभा आहे. सवय अशी लावा : कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी पल्ला लिहायचा.

निवड शक्य तितकी तिच्याकडे ठेवा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते आतून येणारी ओढ तीन गोष्टींवर पोसली जाते : आपण निवडतो आहोत ही भावना, आपल्याला जमतं ही भावना आणि आपल्या माणसांशी जोडलेपण. म्हणून प्रश्न आलटून पालटून काढा, एक तिने तुम्हाला विचारायचा, एक तुम्ही तिला. पद्धत कोणती वापरायची आणि किती जवळ जायचं हे तिने ठरवावं. तुम्हीही पल्ला सांगा, मोठ्याने विचार करत सांगा, आणि तुमचे फरकही त्याच टक्क्यांत लिहा. मोठ्या माणसाचा १८ टक्क्यांनी हुकलेला अंदाज वहीत दिसला की हुकण्यातली लाज निघून जाते. मात्र ‘माझं गणित पहिल्यापासून कच्चंच’ असं गमतीतही म्हणू नका.

बोलताना ‘वा, किती जवळ!’ टाळा. नशिबाने जवळ गेलेल्या अंदाजालाही तेच कौतुक मिळतं. त्याऐवजी ‘कसं केलंस?’ आणि ‘खरं उत्तर याच्या वर असेल की खाली?’ हे दोन प्रश्न पुरेत. आणि मोजून किंवा गुणाकार करून आलेल्या आकड्याला ‘बरोबर उत्तर’ म्हणण्याऐवजी ‘मोजलेली किंमत’ म्हणा. नाहीतर तिचा अंदाज आपोआप ‘चुकीचं उत्तर’ ठरतो आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे.

शाळेच्या परीक्षेत ‘जवळच्या शतकापर्यंत’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर तिथे ठरलेला नियम पाळायचा, वाद घालायचा नाही. हे आणि घरचा खेळ वेगळे आहेत, असं तिला सरळ सांगा. शिक्षकांशी बोलणं होत असेल तर एकच विनंती करा : अंदाजाच्या प्रश्नात उत्तराबरोबर पद्धतही लिहायला सांगावी, आणि ४८ × २३ साठी १०००, ११०० किंवा ११५० यांपैकी काहीही पद्धतीसकट ग्राह्य धरावं.

किती दिवस, हे विचारलंत. आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं, एका बैठकीत चार-पाच प्रश्न. रोज नको, रोजचं झालं की गृहपाठ होतो. पहिले दोन आठवडे पल्ले चुकण्यात जातील, दहापैकी पाच-सहाच आत येतील आणि ती वैतागेल. तेव्हा प्रश्न सोपे करू नका, पल्ले रुंद करायला सांगा. साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात टक्के खाली येताना दिसायला हवेत. त्याच सुमाराला मागचं पानही कोरं राहायला लागावं. टक्के घटले पण मागचं पान भरतच असेल, तर तुमचे प्रश्न अजून सोडवण्याजोगे आहेत. दोर आणि पुस्तकासारखे प्रश्न वाढवा, नुसते गुणाकार कमी करा.

आणि पल्ला सांगतानासुद्धा तिला रडू येत असेल, पोटात गोळा येत असेल किंवा ती बोलायचीच थांबत असेल, तर काही आठवडे आकडे पूर्ण बाजूला ठेवा. ‘या दोन डब्यांत जास्त बटणं कशात?’, ‘इथून दारापर्यंत लांब की खिडकीपर्यंत?’ एवढंच विचारा. उत्तर फक्त ‘हे’ किंवा ‘ते’, आणि मोजायचं की नाही तेही तिनेच ठरवायचं.